जुनं पेट्रोल लॉनमोव्हर पंचवीस वेळा दोरी ओढल्याशिवाय चालू होत नाही, काय काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की सत्तरच्या दशकातलं पेट्रोलचं गवत कापायचं मशीन आहे, साइड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह सिलेंडरच्या बाजूला असलेलं) छोटं इंजिन, पॉइंट-कंडेन्सरवालं (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या दोन टिकल्या, कंडेन्सर त्या जळू नयेत म्हणून), टाकीच्या डोक्यावर कार्बोरेटर. थंड असताना वीस-पंचवीस वेळा दोरी ओढावी लागते आणि एकदा का पकडलं की मग तासभर मस्त चालतं. नवीन प्लग टाकला, कार्बोरेटरला स्प्रे मारला, फरक काहीच नाही. आता एक जण म्हणतोय प्लगला करंट देणारी कॉइल बदला, दुसरा म्हणतोय पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडा.

दोन्ही आत्ताच करू नका. छोटी इंजिनं दुरुस्त करण्यात माझं बरंच आयुष्य गेलंय आणि ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय की त्यातलं "एकदा पकडलं की मस्त चालतं" हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इंजिन चालू असतं तेव्हा ते मिनिटाला ३००० च्या आसपास फिरतं, दोरीने तुम्ही ते कसंबसं काही शे फेऱ्यांच्या स्पीडने फिरवता. आता या मशीनला बॅटरी नाही, करंट तयार होतो तो फ्लायव्हीलमधलं (इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकातलं) मॅग्नेट कॉइलसमोरून किती वेगात जातं त्यावर, म्हणजे दोरीच्या स्पीडला ठिणगी सगळ्यात कमजोर. कार्बोरेटरमधून पेट्रोल खेचलं जातं ते हवेच्या वेगावर, तो पण तेव्हा सगळ्यात कमी. आणि व्हॉल्व्ह किंवा रिंग थोडी लीक असेल तर पिस्टन हळू वर येताना हवेला निसटायला भरपूर वेळ मिळतो, तीच लीक ३००० ला जाणवत पण नाही. म्हणजे ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन, तिन्ही गोष्टी नेमक्या स्टार्ट करताना कमजोर असतात आणि इंजिन पळायला लागलं की तिन्हीचे दोष झाकले जातात.

म्हणूनच जुन्या मशीनमध्ये एकच एक मोठा दोष क्वचित सापडतो. पॉइंटवर थोडा मळ, चोक थोडा अपुरा, एक पॅकिंग थोडं हवा घेतंय, असे दोन-तीन अर्धे दोष एकत्र आलेले असतात आणि त्यातला एक दुरुस्त केला तरी लगेच फरक दिसत नाही. मग माणूस म्हणतो प्लग बदलला, काही झालं नाही, म्हणजे प्लगचा प्रॉब्लेम नव्हता. असं म्हणता येत नाही, प्लग पण त्यातला एक वाटेकरी असू शकतो. त्यामुळे गुन्हेगार शोधायच्या मागे न लागता एकेक गोष्ट तिच्या मूळ मापावर आणत जायचं, आणि मापायच्या आधी एकही स्क्रू फिरवायचा नाही. स्क्रू फिरवून फिरवून बिघडवलेली मशीनं माझ्याकडे जास्त आली, मुळातली खराब कमी.

हात लावायच्या आधी प्लगची वायर काढा आणि प्लगपासून लांब कुठेतरी बांधून ठेवा, जुन्या मशीनला ब्रेक नसतो, पातं हाताने फिरवलं तरी इंजिन एक झटका घेऊ शकतं आणि बोटं जातात. मशीन आडवं करायचं असेल तर कार्बोरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर राहील असं करा, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये जाऊन नवीनच काम निघतं.

सगळ्यात आधी चोक, म्हणजे थंड स्टार्टला हवा अडवून पेट्रोल जास्त खेचायला लावणारी पट्टी. फिल्टर काढा, लिव्हर स्टार्टवर टाका आणि कार्बोरेटरच्या तोंडात डोळ्याने बघा, चोकची पट्टी पूर्ण, अगदी पूर्ण बंद होतेय का. हँडलवरचा लिव्हर "चोक" दाखवतो म्हणून आत चोक लागलाच असं होत नाही, केबलचं बाहेरचं कव्हर क्लॅम्पमध्ये वर्षानुवर्षं थोडं थोडं सरकतं आणि शेवटी तीन-चार मिमीची फट राहते. तेवढ्या फटीतून दोरीच्या स्पीडला सगळी हवाच आत जाते, पेट्रोल चढतच नाही, मग वीसाव्या झटक्याला थेंब थेंब जमून कधीतरी पकडतं. क्लॅम्प सैल करा, लिव्हर चोकवर ठेवून कव्हर सरकवा, पट्टी टेकली की आवळा, दोन मिनिटांचं काम आहे. खात्री करायची असेल तर एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा तोंडावर धरून एक-दोन झटके मारा, त्याने पकडलं तर चोक किंवा पेट्रोलच्या वाटेवरच शोधायचंय हे नक्की. काही मॉडेलला हाताचा चोक नसतो, ऑटो चोक असतो, तिथे इंजिन बंद असताना पट्टी आपोआप बंद असायला पाहिजे आणि दोरी ओढली की थोडी फडफडायला पाहिजे. बंद असतानाच उघडी दिसली तर खालचा डायफ्राम (लवचिक पडदा), स्प्रिंग किंवा ती बारीक लिंक बघायची.

तिथेच उभे आहात तर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी पट्टी पण बघा. बऱ्याच जुन्या इंजिनात गव्हर्नर (स्पीड एकसारखा ठेवणारा भाग) म्हणजे फ्लायव्हीलच्या हवेवर हलणारी एक हलकी पट्टी असते, इंजिन बंद असताना गव्हर्नरची स्प्रिंग थ्रॉटल उघडा ठेवते. पट्टीच्या पिनेत वाळलेलं गवत आणि तेल बसून ती अडकली तर थ्रॉटल अर्धवट बंदच राहतो आणि तुम्ही बंद दारावर दोरी ओढत बसता. बोटाने हलवून बघा, सोडली की झटकन परत यायला पाहिजे.

मग पातं. हे फार कमी लोक बघतात म्हणून मुद्दाम लिहितोय. १९५३ मध्ये ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन कंपनीने अॅल्युमिनियमचं हलकं इंजिन आणलं आणि नंतर बहुतेकांनी तीच वाट धरली, त्यात फ्लायव्हील पण हलकं असतं, आडव्या फिरणाऱ्या पात्याच्या मशीनमध्ये पात्याचं वजन फ्लायव्हीलचंच काम करतं. पात्याचा बोल्ट किंवा त्याचा हब जरा सैल असेल तर कॉम्प्रेशनच्या वेळी इंजिनला पुढे ढकलायला वजनच मिळत नाही, दोरी हातातून उलटी खेचली जाते आणि इंजिन पकडत नाही. वायर काढलेलीच आहे, जाड हातमोजा घालून पातं दोन्ही बाजूंना हलवा, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) न हलता पातं किंचित जरी हललं तरी आधी ते आवळा. दंडगोल पात्याच्या जुन्या जड मशीनला हा प्रश्न नाही, त्यांचं फ्लायव्हीलच भरभक्कम असतं.

पेट्रोल किती जुनं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. थंड इंजिन पेटतं ते पेट्रोलमधल्या हलक्या, पटकन उडणाऱ्या भागावर आणि डब्यात ठेवलेल्या पेट्रोलमधून आधी तोच उडून जातो. असं पेट्रोल गरम इंजिनात व्यवस्थित जळतं, थंड इंजिनात जळत नाही, म्हणजे तुमची तक्रार जशीच्या तशी. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो, शिळ्याचा वास वॉर्निशसारखा जड येतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की खाली वेगळं बसतं, आणि तुमच्या कार्बोरेटरची नळी नेमकी टाकीच्या तळातूनच ओढते. टाकी पूर्ण रिकामी करा, काचेच्या बरणीत ओता आणि पाच मिनिटं ठेवून तळाशी बघा.

एवढं झालं की पुढे कुठल्या बाजूला जायचं ते ठरवायला एक साधी टेस्ट. प्लग काढा, भोकातून अर्धा चमचा ताजं पेट्रोल टाका, सांडलेलं पुसून घ्या, जरा वेळ जाऊ द्या, प्लग आणि वायर लावून दोरी ओढा. दोन-तीन झटक्यात पकडून लगेच बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन कामापुरतं आहे, पेट्रोल वर येत नाहीये. काहीच झालं नाही किंवा नुसतं फुसकं एखादं वाजलं तर आधी ठिणगीकडे जा. इथरचा स्प्रे या कामाला मी वापरत नाही, तो सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतो आणि जुन्या रिंगांवर तो धक्का मला नको वाटतो. याच्या जोडीला, आठ-दहा झटके मारूनही इंजिन पकडलं नाही की प्लग काढून बघायची सवय लावा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, काळा तेलकट असेल तर ऑइल वर येतंय किंवा ऑइल प्रमाणाबाहेर भरलंय आणि ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर जायच्या वाटेतून) कार्बोरेटरकडे जातंय.

ठिणगी बघायची पण एक पद्धत आहे. प्लग हेडला टेकवून "निळी ठिणगी दिसते, करंट ओके आहे" म्हणतात, ते पुरेसं नाही. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते, दाबाखालच्या हवेत उडी मारायला तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून एक जुना प्लग घ्या, त्याची बाहेरची दांडी वाकवून फट ४ मिमीच्या आसपास करा, बॉडी इंजिनला क्लिपने पक्की जोडा आणि मग दोरी ओढा, त्या मोठ्या फटीवर प्रत्येक फेरीला टकटक ठिणगी पडली तर मॅग्नेटो, म्हणजे मॅग्नेट आणि कॉइलची जोडी, चांगला. अधूनमधून पडली, पिवळट दिसली, जोरात ओढल्यावरच आली, तर तुमचा एक अर्धा दोष सापडला. हे करताना प्लगचं भोक बंद पाहिजे आणि सांडलेलं पेट्रोल आसपास नको. चालवायच्या प्लगची फट या इंजिनांना बहुधा तीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.७६ मिमी लागते, नवीन प्लग डब्यातून बरोबर फटीवरच येतो असं धरू नका.

ठिणगी कमजोर निघाली तर पहिलं काम, स्टॉप स्विचकडे जाणारी बारीक वायर इंजिनकडून तात्पुरती सोडवा आणि परत बघा. तिचं इन्सुलेशन कुठेतरी पत्र्याला घासून गेलेलं असतं आणि अर्धा करंट तिथूनच इंजिनच्या बॉडीत जातो. या वायरीपायी चांगल्या कॉइल फेकून दिलेल्या मी पाहिल्यात.

त्यानंतर फ्लायव्हील काढायचं. नट सोडवून, दोन भोकं दिलेली असतात त्यात पुलर लावून, सरळ ओढून. क्रँकच्या टोकावर हातोडी मारायची नाही आणि स्क्रूड्रायव्हर घालून एका बाजूने उचकटायचं नाही, मागे ऑइल सील आणि बेअरिंग आहे. जुन्या ब्रिग्जमध्ये दोरीचा क्लच हाच फ्लायव्हीलचा नट असतो, त्याला वेगळा पान्हा लागतो, छिन्नीने फिरवला तर त्याचे कान तुटतात.

फ्लायव्हील हातात आलं की लगेच पॉइंटकडे धावू नका, आधी ती छोटी चावी बघा, क्रँक आणि फ्लायव्हीलच्या खाचेत बसणारी. एक मशीन माझ्याकडे आलं होतं, मालकाने कॉइल, कंडेन्सर, प्लग, कार्बोरेटरचं सगळं किट घालून झालं होतं आणि तरी तीच तक्रार. चावी वरून बघितली तर अख्खी, चकचकीत. बाहेर काढून नखाने कडेवरून चाचपली तेव्हा मधोमध एक बारीक पायरी लागली, जेमतेम मिमीभर, म्हणजे कधीतरी पातं मुळाला किंवा दगडाला लागलं, क्रँक थांबला आणि फ्लायव्हील पुढे सरकलं. मिमीभर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्या जागी शाफ्ट साधारण १९ मिमी जाड, घेर ६० मिमी, ३६० अंशाला ६० मिमी तर १ मिमीला ६ अंश. पॉइंटवाल्या बऱ्याच इंजिनात पॉइंट उघडणारा उंचवटा किंवा सपाटी क्रँकवरच असते, त्यामुळे पॉइंट वेळेवरच उघडतात पण मॅग्नेट ६ अंश पुढे निघून गेलेलं असतं, कॉइलमधला करंट शिखरावर असतानाचा क्षण चुकतो आणि ठिणगी कमजोर पडते. पळत्या इंजिनात ती चालून जाते, दोरीवर नाही. इलेक्ट्रॉनिक कॉइलवर हेच झालं तर टायमिंगच पुढे जातं आणि दोरी हाताला हिसका देते. त्या मशीनला नवी चावी घातली आणि ते तिसऱ्या झटक्याला उठलं, बाकी काहीही केलं नाही. चावी मूळ होती तशीच, मऊ धातूची घालायची. ती मुद्दाम मऊ केलेली असते, पुढच्या दगडाला तिने तुटायचं आणि क्रँक वाचवायचा, लोखंडाची घासून घातलीत तर पुढच्या वेळी क्रँक वाकेल.

आता पॉइंट. झाकणाखाली दोन छोट्या टिकल्या, फट वीस थाउ, म्हणजे अर्धा मिमी. पॉइंट पूर्ण उघडे असतील त्या जागी क्रँक आणून फीलर गेज (फट मापायची पातळ पट्टी) लावायचा. पण त्याच्या आधी पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापून बंद पॉइंटमधून हळू ओढा. तुमच्यासारख्या, वर्षातून काही महिने उभ्या राहणाऱ्या मशीनमध्ये त्या पट्टीवर एक करडी-काळी रेघ उमटते, टिकलीवर जमलेला तेलाच्या वाफेचा आणि गंजाचा तो थर, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही पण दोरीच्या स्पीडला तयार होणारा कमी व्होल्टेजचा करंट त्यातून पार होत नाही. कागद बदलत, थोड्या कार्ब क्लीनरने ओला करून, रेघ उमटायची थांबेपर्यंत ओढत राहा, शेवटची पट्टी कोरडी. खड्डे पडले असतील तर पॉइंटच्या बारीक कानशीने एक-दोन हात, नुसत्या पॉलिश पेपरने घासलंत तर त्याचे कण मध्ये बसतात म्हणून त्यानंतर परत कागद. नवीन पॉइंट घातले तरी कागद ओढायचाच, त्यांना पॅकिंगमध्ये गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो. एका टिकलीला खड्डा आणि दुसरीला उंचवटा झाला असेल किंवा त्या जळून निळ्या पडल्या असतील तर कंडेन्सर पण बदला. आणि फट थोडी जास्त ठेवली तर चांगली ठिणगी मिळेल असा विचार करू नका, फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, कमी केली की उशिरा, म्हणजे फट हेच टायमिंग आहे.

पॉइंटच्या डब्यात ऑइलचा ओलेपणा दिसला तर नुसतं पुसून भागणार नाही. पॉइंट उघडणारी छोटी दांडी जिथून येते ते भोक झिजलेलं असतं किंवा वरचं सील गेलेलं असतं, पुसलेलं महिनाभर टिकतं. जुनं मशीन मूळ स्थितीत ठेवायला मला मनापासून आवडतं आणि भोक चांगलं असेल तर मी पॉइंटच ठेवतो, पण भोकच गेलं असेल तर दोन लोखंडी पायांच्या कॉइलवर बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घालणं जास्त शहाणपणाचं. ब्रिग्जने स्वतःच १९८२ पासून मॅग्नेट्रॉन नावाने पॉइंट काढून टाकले, त्यांना पण हाच मळ आणि हीच फट नकोशी झाली असणार.

फ्लायव्हील परत लावताना क्रँकचा टेपर (निमुळता भाग) आणि फ्लायव्हीलचं आतलं भोक दोन्ही कोरडं, स्वच्छ, तेलाचा थेंब नको. फ्लायव्हील त्या टेपरच्या पकडीवर बसतं, चावी फक्त जागा दाखवते, म्हणून नट त्याच्या ठरलेल्या टॉर्कला आवळायचा, अंदाजाने नाही. मग कॉइल आणि मॅग्नेटमधली फट. मॉडेलप्रमाणे ०.१५ ते ०.३५ मिमीच्या आसपास असते, तुमच्या इंजिनचा आकडा मिळाला तर तोच घ्या, नाही मिळाला तर साधं पोस्टकार्ड मध्ये ठेवा, मॅग्नेट समोर आणा, ते कॉइलला स्वतःच ओढून घेईल, स्क्रू आवळा, फिरवून कार्ड काढा. कॉइलचे पाय आणि मॅग्नेटवरचा गंज त्याआधी घासून घ्यायचा, तो गंज पण फटच असतो.

रिंगा गेल्या असं जे कोणी म्हणालं त्याने कॉम्प्रेशन गेज लावला असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. या छोट्या इंजिनांपैकी बऱ्याच जणांच्या कॅममध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यात) दोरी हलकी जावी म्हणून इनलेट व्हॉल्व्ह कॉम्प्रेशनच्या सुरुवातीला किंचित उघडा ठेवायची सोय असते, हळू फिरवताना त्यातून दाब जातोच आणि गेज कमी दाखवतो. त्याऐवजी प्लग आत असू द्या, वायर इंजिनला टेकवून ठेवा, फ्लायव्हील हाताने चालायच्या उलट दिशेला झटक्याने फिरवा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते आदळून चेंडूसारखं उलट फिरतं. मेल्यासारखं थांबलं किंवा आरामात पार निघून गेलं तर लीक आहे. मग प्लगच्या भोकातून एक छोटा चमचा ऑइल टाका, चार फेरे फिरवा, परत तीच टेस्ट. उसळी सुधारली तर रिंग, नाही सुधारली तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. तासभर ताकदीने गवत कापणाऱ्या तुमच्या मशीनच्या रिंगा पूर्ण गेल्या असतील असं मला वाटत नाही, उलट साइड व्हॉल्व्हच्या इंजिनात व्हॉल्व्हवर संशय घ्यायला जास्त जागा आहे.

व्हॉल्व्हची सीट झिजत जाते तसा व्हॉल्व्ह खाली बसत जातो आणि टॅपेटची (व्हॉल्व्हला खालून उचलणाऱ्या तुकड्याची) फट कमी कमी होते, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही. या इंजिनात फट वाढवायला स्क्रू नसतो, व्हॉल्व्ह काढून दांडीचं टोक सरळ घासावं लागतं, ते पण थोडं थोडं, मापत मापत, कारण जास्त घासलेलं परत येत नाही. ब्रिग्जच्या या साइजच्या इंजिनाला इनलेट ०.१३ ते ०.१८ मिमी आणि एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२८ मिमी हे माप बहुतेक ठिकाणी लागतं, मापताना पिस्टन वरच्या टोकावरून पॉवर स्ट्रोकमध्ये साधारण ६ मिमी खाली आणायचा म्हणजे कॅमवरच्या त्या सोयीचा घोळ मध्ये येत नाही. हेड उघडलंच आहे तर कार्बन लाकडी पट्टीने खरवडा, अॅल्युमिनियमवर लोखंड नको, सीटला ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह हाताने घासून घ्या, पेस्ट पूर्ण धुवा, नवीन पॅकिंग घाला आणि हेडचे बोल्ट आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यात, छोट्या ब्रिग्जला १६ न्यूटन मीटरला आवळा. लांब बोल्ट कुठले ते काढतानाच लिहून ठेवा. गरम झाल्यावर बंद करून लगेच परत चालू होत नसेल तरच हे काम लवकर करा, कारण टॅपेटची फट संपली की पहिला त्रास गरम असताना येतो, तुमची तक्रार थंडपणाची आहे.

आता कार्बोरेटर. वरून स्प्रे मारणं म्हणजे घराबाहेरून झाडू मारणं. टाकीवर बसणाऱ्या कार्बोरेटरचे दोन प्रकार सगळ्यात जास्त भेटतात. व्हॅक्यू-जेट थेट टाकीच्या तळातून ओढतो, त्याच्या नळीत एक छोटी गोळी असते, ती चिकटली किंवा गळायला लागली की प्रत्येक वेळी नळी रिकामी होते आणि पेट्रोल सगळ्या उंचीवर नव्याने चढवावं लागतं, टाकीत पेट्रोल कमी असेल तर उंची आणखी वाढते. टाकी भरल्यावर लवकर आणि तळाला गेल्यावर उशिरा चालू होत असेल तर इथेच बघा. पल्सा-जेटमध्ये एका डायफ्रामचा पंप टाकीतल्याच छोट्या वाटीत पेट्रोल भरत राहतो आणि जेट त्या वाटीतून ओढतो. तो डायफ्राम जुना झाला की चामड्यासारखा कडक होतो, कडेला सुरकुत्या येतात, पळत्या इंजिनच्या झटक्यांवर तो तरी हलतो पण दोरीच्या मंद झटक्यांवर जागचा हलत नाही. तुमचं इंजिन या प्रकारचं असेल तर माझा सगळ्यात मोठा संशय या डायफ्रामवर आहे, स्प्रेने तो सुधारत नाही, उलट काही स्प्रे त्याला आणखी कडक करतात. कार्बोरेटर आणि टाकी एकत्रच इंजिनवरून काढा, लिंक आणि स्प्रिंगचा आधी फोटो काढा, मग वरचे पाच-सहा स्क्रू सोडवून वेगळं करा. डायफ्राम, पॅकिंग कुठल्या क्रमाने होतं त्याचाही फोटो. नळीच्या टोकाची जाळी उजेडात धरून बघा, टाकीचा वरचा पृष्ठभाग सरळ पट्टी लावून बघा, तो मध्ये खचला असेल तर नवीन डायफ्राम पण सील करणार नाही.

इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधलं पॅकिंग किंवा रबरी रिंग पण याच वेळी बदला. तिथून थोडी जरी हवा आत जात असेल तर चोक लावूनही मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, राहतं. आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, ते बुजलं तर मशीन चालू होऊन थोड्या वेळाने बंद पडतं, तुमची तक्रार ती नाही पण झाकण हातात आहेच तर फुंकर मारून बघायला काय जातं.

मिक्श्चरची सुई (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा टोकदार स्क्रू) हलक्या हाताने, बोटांनीच, पूर्ण आत टेकवा आणि दीड फेरा बाहेर काढा. पान्हा लावून आवळलीत तर सुईच्या टोकाला कडं पडतं आणि मग ती कधीच नीट लागत नाही. दीड फेरा हे फक्त चालू होण्यापुरतं आहे, इंजिन पाच मिनिटं गरम झाल्यावर आत फिरवत जा, स्पीड पडायला लागला की थांबा, मग बाहेर फिरवत जा, अडखळायला लागला की थांबा, त्या दोन जागांच्या मध्ये ठेवा. त्यानंतर थ्रॉटल एकदम उघडून बघा, इंजिन गचकलं तर एक अष्टमांश फेरा आणखी बाहेर. व्हॅक्यू-जेट असेल तर हे टाकी अर्धी भरलेली असताना करा.

कोणाकडे टू स्ट्रोकचं जुनं मशीन असेल, ब्रिटनच्या व्हिलियर्स कंपनीच्या इंजिनासारखं, तर व्हॉल्व्हचं सगळं सोडून द्या आणि क्रँकची दोन्ही टोकांची ऑइल सीलं बघा. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेसच पंपाचं काम करतो, सील सुकलं की तो हवा खातो. सायलेन्सर पण उघडून बघा, कार्बनने बुजतो.

सगळं मापावर आलं की स्टार्ट करायची पद्धत अशी ठेवा. चोक पूर्ण, दोरी आधी हळू ओढून कॉम्प्रेशन लागेल तिथे थांबा, दोरी परत आत जाऊ द्या आणि मग तिथून एकच लांब, जोरदार झटका, अर्धवट झटक्यांनी नुसतं पेट्रोल आत जातं. इंजिनने एकदा जरी फट् केलं तरी चोक अर्ध्यावर आणायचा, पकडल्यावर अर्ध्या मिनिटात पूर्ण उघडायचा. पाच-सहा झटक्यात काहीच झालं नाही तर चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण, आणि दोन-तीन झटके मारून आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर जाऊ द्या, मग परत. गरम असताना चोक अजिबात लावू नका. गवताचा सीझन संपला की टाकी रिकामी करा, इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, आणि प्लग काढून चमचाभर ऑइल टाकून दोरी हळू ओढा, कॉम्प्रेशन लागलं की तिथेच सोडा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि सीटवर गंज धरत नाही.